जुन्या गाडीचा पत्रा बदलावा की झाकावा?

प्रति,
संपादक, वाचकांचा पत्रव्यवहार

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीतील जुन्या मोटारींच्या पुनरुज्जीवनावरचा सचित्र लेख मी इंग्लंडमधील वॉरिक या गावी बसून दोनदा वाचला. मराठी वृत्तपत्राने या विषयाला पूर्ण पान दिले याचा आनंद झाला. मात्र त्या लेखात एका गाडीविषयी असे विधान आहे की, तिच्या मूळ पत्र्याला कुठेही कात्री न लावता केवळ पुट्टी आणि रंग यांच्या साहाय्याने तिला पूर्वीचे तेज मिळवून दिले आणि म्हणून ती पत्रा बदललेल्या गाड्यांपेक्षा अधिक अस्सल ठरते. या विधानाला माझी गंभीर हरकत आहे. ते वाचून एखाद्या वाचकाने आपल्या वडिलांची किंवा आजोबांची गाडी त्याच पद्धतीने करून घेतली, तर तिच्यात बसणाऱ्यांच्या जिवाला धोका आहे, आणि हे का ते नीट सांगण्यासाठी मी नेहमीच्या पत्राहून बरीच जास्त जागा मागत आहे.

मी मूळचा कोल्हापूरचा. टाटा मोटर्सने 2008 साली जग्वार-लँड रोव्हर ताब्यात घेतल्यानंतर पुणे-पिंपरीहून जी मराठी कुटुंबे नोकरीनिमित्त या भागात आली, त्यांपैकी आमचे एक. येथे आल्यावर काही वर्षांनी मी 1959 सालची ऑस्टिन-हीली स्प्राइट ही दोन आसनांची लहान स्पोर्ट्स गाडी विकत घेतली आणि पुढची चार वर्षे सुट्टीच्या दिवशी, घराच्या मागच्या शेडमध्ये, तिच्या बॉडीचे काम केले. इंजिन आणि गिअरबॉक्स यांना त्यातले जेमतेम पाच महिने लागले असतील. उरलेला सगळा काळ पत्र्याचा होता.

ही गाडी कोणती, हे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण माझा सगळा मुद्दा तिच्या बांधणीवर उभा आहे. मे 1958 मध्ये मोंटे कार्लो येथे ती पत्रकारांपुढे प्रथम आली. युद्धपूर्व काळातल्या ऑस्टिन सेव्हनच्या स्पोर्ट्स आवृत्त्यांसारखी सामान्य पगारदार तरुणाला परवडेल अशी गाडी असावी, हा तिच्यामागचा विचार होता. आखणी डोनाल्ड हीली यांच्या वॉरिक येथील छोट्या कंपनीत झाली. बाह्य रूप गेरी कोकर यांचे, सांगाड्याची रचना बॅरी बिल्बी यांची. प्रत्यक्ष जुळणी ॲबिंग्डन येथे, एमजी या स्पोर्ट्स गाड्या बनवणाऱ्या ब्रिटिश कंपनीच्या कारखान्यात होत असे. 948 सीसीचे छोटे इंजिन, सुमारे 43 अश्वशक्ती, साडेअकरा फुटांच्या आत लांबी. पहिल्या आवृत्तीच्या 48,987 गाड्या तयार झाल्या. पुढचे दिवे बॉनेटवर उभे असल्यामुळे ब्रिटिश लोक तिला आजही बेडूकडोळी म्हणतात. बाहेरून दार उघडायला मूठ नाही, आणि मागे डिकीचे झाकणही नाही. सामान ठेवायचे तर आसनाची पाठ पुढे पाडून आत हात घालावा लागतो. झाकण न ठेवल्याने खर्च वाचला, त्याचबरोबर मागचा भाग एकसंध राहून मजबूतही झाला.

मजबुतीचा हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. स्प्राइटला वेगळी चासी, म्हणजे बॉडीखालचा भार पेलणारा स्वतंत्र सांगाडा, नाही. पुढे इंजिन धरणारे दोन दांडे सोडले, तर बाकी सर्व भार जमिनीचा पत्रा, मधला बोगदा, आडव्या पेट्या आणि दारांखालचे पोकळ उंबरठे यांनी मिळून वाहायचा असतो. मोठ्या संख्येने बनलेल्या स्पोर्ट्स गाड्यांमध्ये अशी एकसंध बांधणी वापरणारी ही पहिली गाडी मानली जाते. तिच्या जन्मकथेतली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. बिल्बी यांनी मागच्या भागासाठी जी पत्र्याची जाडी सांगितली होती, ती नमुना गाडी तयार होताना ऑस्टिन कंपनीच्या आखणी विभागाने कमी केली. मग खडबडीत रस्त्यांच्या चाचणीत गाडीचा मागचा भाग वाकला, मुडपला, आणि मूळची जाडी पुन्हा स्वीकारावी लागली. म्हणजे कारखान्यातून निघालेल्या कोऱ्या करकरीत पत्र्यातसुद्धा थोडी जाडी कमी झालेली या गाडीला सोसली नाही. तोच पत्रा साठ वर्षे आतून गंजून कागदाइतका पातळ झाला असेल, तर त्यावर पुट्टीचा लेप देऊन आपण नेमके काय वाचवतो?

येथे कोणी म्हणेल की ही इंग्लंडमधली गोष्ट, तिचा महाराष्ट्रातल्या वाचकाशी काय संबंध? संबंध थेट आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी, आणि आपली ॲम्बॅसेडर या दोन्ही गाड्यांना वेगळी चासी नाही. त्याही याच तत्त्वावर बांधलेल्या आहेत. आज आपल्याकडे हौसेने पुन्हा उभ्या केल्या जाणाऱ्या गाड्यांत या दोहोंची संख्या मोठी आहे. इंग्लंडमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते गाड्यांच्या पोटात शिरते. मुंबई-कोकणातल्या गाड्यांना तेच मीठ समुद्राच्या वाऱ्यातून मिळते आणि वर चार महिन्यांचा पाऊस.

माझी गाडी मी घेतली तेव्हा ती देखणी लाल होती. आधीच्या मालकाने एका कारखान्यात तिचे संपूर्ण पुनरुज्जीवन करून घेतल्याची पावती होती. दार उघडताना ते किंचित खाली बसते आणि बंद करताना उचलून घ्यावे लागते, एवढी एकच खूण मला खटकली. बिजागऱ्या झिजल्या असतील असे मी समजलो. घरी आणल्यावर कापडात गुंडाळलेले एक साधे लोहचुंबक सगळ्या अंगावरून फिरवले, तेव्हा दोन्ही उंबरठ्यांवर आणि पुढच्या फेंडरच्या खालच्या वीतभर पट्ट्यात ते चिकटेचना. रंग खरवडला. त्याखाली बोटाच्या पेराएवढी जाड पुट्टी, पुट्टीखाली ॲल्युमिनियमची जाळी, आणि जाळीच्या मागे पोकळी भरण्यासाठी कोंबलेले वर्तमानपत्राचे बोळे निघाले. बोळे ओले होते. ज्या उंबरठ्यावर गाडीचा कणा तोललेला असतो, तेथे पत्रा उरलाच नव्हता. दार खाली बसत होते ते बिजागरीमुळे नव्हे, तर गाडीच मधोमध वाकू लागली होती म्हणून.

तो कारखाना कोणता हे मी लिहिणार नाही. त्याने बाहेरून पाहिले तर आपल्या लेखात ज्याचे कौतुक झाले तेच केले होते: कात्री लावली नाही, पुट्टी भरली, सुंदर रंग दिला.

गंज कसा काम करतो, हे समजले की झाकण्याचा मोह आपोआप सुटतो. लोखंडाचा गंज हा मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. दोन पत्रे एकावर एक ठेवून ठिपक्यांच्या वेल्डिंगने जोडलेले असतात, त्या सांध्यात पाणी शिरले की गंज फुगतो, पत्रे एकमेकांपासून दूर लोटतो, फट वाढते, आणखी पाणी शिरते. वरून पुट्टी लावली तर बाहेरची हवा लागून वाळण्याची जी थोडी संधी होती तीही जाते. शिवाय पुट्टी पत्र्याला चिकटते, गंजाला चिकटत नाही. कडेने केसाएवढी भेग पडते आणि तेथून ओल आत ओढली जाते. त्या काळी पोकळ पेट्यांच्या आतल्या बाजूचे संरक्षण नावापुरतेच असे, त्यामुळे या गाड्यांचा नाश बहुधा आतून बाहेर होतो. वर रंगाला पहिला फुगवटा दिसतो, तेव्हा आत बरेच काही संपलेले असते. स्प्राइटमध्ये आणखी एक नाजूक जागा आहे. मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगा पाव आकाराच्या आहेत, म्हणजे त्यांचे जाड टोक आसनांच्या मागे जमिनीतल्या एका पेटीत बोल्टने आवळलेले असते आणि दुसरे टोक मागे ॲक्सलला धरून असते. मागच्या चाकाचा प्रत्येक धक्का त्या एका पेटीतून जमिनीच्या पत्र्यात उतरतो. माझ्या गाडीत डावीकडची ती पेटी हाताने हलत होती, आणि तिच्यावर जाड डांबरी लेप फासून ठेवलेला होता.

आता कात्रीविषयी. कात्री लावणे म्हणजे सरसकट कापून नवे बसवणे, असाही समज आपल्या लेखातून होण्यासारखा आहे, म्हणून काम प्रत्यक्षात कसे चालते ते सांगतो. दाराखालचा उंबरठा कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत लोखंडी नळ्या वेल्ड करून आडव्या-तिरक्या टेकू द्यावे लागतात. हे केले नाही तर कापल्या क्षणी गाडी पुस्तकासारखी मिटू लागते आणि मग दाराची फट आयुष्यात पुन्हा जुळत नाही. गाडी चार ठिकाणी, पाणपातळी लावून, समतल टेकवायची. जमिनीवरच्या ठरलेल्या बिंदूंमधली कर्णांची मापे घेऊन भिंतीवर लिहून ठेवायची आणि प्रत्येक टप्प्यावर पुन्हा घ्यायची. एका वेळी एकच बाजू उघडायची, ती पूर्ण झाल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. नवा उंबरठा आधी फक्त चिमट्यांनी धरायचा, दार लावून पाहायचे, फट सारखी आली की चार टाके मारायचे, पुन्हा दार लावून पाहायचे. माझा उजवा उंबरठा तीन वेळा काढावा लागला, कारण दाराच्या वरच्या कोपऱ्यात फट दोन मिलिमीटरने जास्त येत होती. तिसऱ्यांदा कळले की चूक उंबरठ्यात नव्हती, पुढच्या खांबाचे बूड आधीच्या कारखान्याने वाकडे जोडलेले होते.

उंबरठे आणि जमीन यांसाठी मी 1.2 मिलिमीटर जाडीचा आणि बाहेरच्या अंगासाठी 0.9 मिलिमीटरचा पत्रा वापरला. कारखान्यात जेथे ठिपक्यांचे वेल्डिंग होते, तेथे वरच्या पत्र्यात ठरावीक अंतरावर भोके पाडून ती वेल्डने भरली, म्हणजे सांध्याचे मूळ रूप टिकते. जोडण्यापूर्वी दोन्ही पत्र्यांच्या आतल्या बाजूला जस्ताचा प्राइमर लावला, कारण एकदा सांधा मिटला की तेथे पुन्हा ब्रश पोचत नाही. बाहेर दिसणाऱ्या भागात मात्र पत्र्यावर पत्रा चढवायचा नाही, हा नियम पाळला. कुजलेला तुकडा निरोगी धातूपर्यंत कापायचा, पुठ्ठ्याचा नमुना करून तेवढाच नवा तुकडा घडवायचा, आणि कडेला कड लावून टिग वेल्डिंगने जोडायचा, कारण तो जोड मऊ राहतो आणि नंतर मागे डॉली, म्हणजे लोखंडी ठोकळा, धरून हातोडीने ठोकून सपाट करता येतो.

या कामात मी स्वतः एक चूक केली. मागच्या गोलाकार पत्र्यावर जोड देताना घाईने एक लांब वेल्ड सलग ओढला. उष्णतेने पत्रा ताणला आणि थंड होताना आखडला, आणि दीड वीत लांबीचा भाग डब्याच्या बुडासारखा आत-बाहेर टकटक करू लागला. डिकीला झाकण नसल्यामुळे त्या जागेच्या मागे हात पोचवायचा तर आसनांच्या मागच्या पोकळीतून अर्धे शरीर आत घालून, कुशीवर पडून डॉली धरावी लागते. तेव्हा मला कोल्हापूरच्या उद्यमनगरातले माझ्या मामांचे गॅरेज आठवले. तेथे एक वयस्कर मिस्त्री ताणलेला पत्रा बसवताना गॅसच्या बारीक ज्योतीने चार आण्याएवढा ठिपका लाल करीत, भोवती हलक्या हाताने ठोकीत, आणि लगेच ओले फडके दाबीत. पत्रा आपोआप आवळून जागेवर बसे. वॉरिकशायरमध्ये सायंकाळच्या वर्गात मला पैसे भरून जे शिकवले गेले ते अक्षरशः तेच होते. मी तसे ठिपके देत देत सहा शनिवार घालवले आणि तो पत्रा शांत झाला. त्या मिस्त्रींचे शिक्षण चौथीपर्यंतचे होते, आणि त्यांचे नाव गॅरेजच्या कोणत्याही बिलावर कधी आले नाही.

कारखान्यातून निघालेल्या गाडीचे सांधे त्या काळी शिशाने भरलेले असत, हे आज फार थोड्यांना माहीत आहे. पुट्टीच्या आधी तेच साधन होते, आणि मी जेथे कारखान्याने शिसे भरले होते तेथे पुन्हा शिसेच भरले. मराठी वाचकाला ही कृती समजावून सांगायला फार शब्द लागणार नाहीत, कारण ती कल्हईची बहीण आहे. कल्हईवाला भांडे घासून, तापवून, नवसागर मारून कथील पुसतो, तसेच येथे पत्रा चकचकीत घासून, अम्लयुक्त लेप लावून, तापवून त्यावर कथलाचा पातळ थर पुसून घेतात. मग तीस टक्के कथील आणि सत्तर टक्के शिसे यांची कांडी तापवतात. हे मिश्रण 183 अंश सेल्सिअसला मऊ होऊ लागते, आणि पूर्ण पातळ व्हायला आणखी साधारण सत्तर अंश लागतात. या मधल्या पट्ट्यात ते श्रीखंडासारखे घट्ट पण हलते असते. तेवढ्या वेळात चरबी चोळलेल्या लाकडी फळीने ते सांध्यावर पसरायचे. ज्योत थोडी जास्त झाली की सगळे ओघळून खाली, थोडी कमी झाली की रव्यासारखे दाणेदार. थंड झाल्यावर फक्त कानशीने घासायचे, यंत्राने कधीही नाही, कारण शिशाची धूळ विषारी असते. तोंडावर मुखवटा, हातात मोजे, आणि ते कपडे घरातल्या कपड्यांबरोबर धुवायचे नाहीत. एवढी काळजी घेणे ज्यांना शक्य नसेल त्यांनी हे काम करूच नये. चांगल्या पत्र्यावर चांगली पुट्टी, तीही एक-दोन मिलिमीटरपेक्षा जास्त नाही, पूर्णपणे योग्य आहे. माझा विरोध पुट्टीला नाही. पुट्टीने धातूची जागा घेण्याला आहे.

उलट बाजूचा अतिरेकही मी पाहिला आहे आणि तोही मला मान्य नाही. इंग्लंडमध्ये जुन्या साच्यांवरून नवे पत्रे आणि काही मॉडेलांच्या आख्ख्या बॉड्या आजही बनतात. विटनी येथील ब्रिटिश मोटर हेरिटेज ही कंपनी 1988 पासून एमजीबी या एमजीच्याच स्पोर्ट्स गाडीच्या संपूर्ण बॉड्या जुन्या साच्यांवर बनवीत आली आहे. त्यामुळे हजारो गाड्या रस्त्यावर राहिल्या, याबद्दल त्यांचे ऋण मानले पाहिजे. पण सोय आहे म्हणून दुरुस्त होण्याजोगा मूळ पत्राही भंगारात टाकायचा, याला मी पुनरुज्जीवन म्हणणार नाही. माझ्या गाडीचे बॉनेट, म्हणजे दोन्ही फेंडर आणि दिवे यांसकट मागच्या बिजागरीवर उघडणारा तो एकच अवजड तुकडा, खालून वीतभर कुजला होता आणि वरच्या सांध्यांत गंज धरला होता. अनेकांनी या जागी फायबरग्लासचे हलके बॉनेट बसवले आहे. मला तसा सल्ला मिळालाही. मी ते सांधे उघडले, साफ केले, खालची वीत नवी घडवली, आणि वरचा साठ वर्षांपूर्वीचा सगळा पत्रा तसाच ठेवला. त्या पत्र्यावर आतून कारखान्याच्या साच्याच्या बारीक सुरकुत्या आहेत. त्या नव्या पत्र्यावर येत नाहीत.

दारांच्या बाबतीत मात्र मला हे जमले नाही. रंग काढण्यासाठी दारे एका ठिकाणी वाळूच्या माऱ्याला दिली होती. जास्त दाबाने मारा केल्यामुळे एका दाराचे बाहेरचे अंग लाटांसारखे झाले आणि ते बदलावेच लागले. सपाट, रुंद पत्र्यावर वाळू कधीही मारू नये, हे निदान आपल्या वाचकांना तरी ठाऊक असावे.

माझ्या पत्राचा खरा रोख आता येतो. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियमांत 2021 साली बदल झाला आणि पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना विंटेज म्हणून स्वतंत्र नोंदणी, क्रमांकात व्हीए ही अक्षरे, अशी सोय झाली. हा चांगला निर्णय आहे. त्यात अट अशी आहे की गाडी मूळ स्वरूपात असावी आणि तिची चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसावेत. आपल्या लेखातले विधान याच अटीच्या चुकीच्या अर्थातून आले असावे, असे मला वाटते. मोठा फेरफार कशाला म्हणायचे? ज्या गाडीला चासीच नाही, तिचा उंबरठा बदलणे हा बॉडीतला फेरफार की तिचा जीव वाचवणारी दुरुस्ती? नियमाचा अर्थ जर मालकांनी आणि तपासणाऱ्यांनी पत्र्याला हात न लावणे असा घेतला, तर प्रामाणिक माणूस कात्री लावायला घाबरेल आणि पुट्टी भरणाऱ्याची गाडी अधिक अस्सल म्हणून पुढे जाईल.

ब्रिटनमध्ये हा प्रश्न तुलनेने स्पष्ट शब्दांत सोडवला आहे. मे 2018 पासून चाळीस वर्षांहून जुन्या गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट आहे, मात्र गेल्या तीस वर्षांत तिच्यात मोठा बदल झालेला नसावा. चासी किंवा एकसंध बॉडी बदलणे हा मोठा बदल धरला जातो, परंतु मूळच्याच घडणीचा भाग बसवला असेल तर तो तसा धरला जात नाही, असे मार्गदर्शक सूचनांत नमूद आहे. ज्या गाड्या तपासणीला जातात त्यांच्यासाठी नियम आणखी नेमका आहे: स्प्रिंगा, आसनपट्टे अशा भार वाहणाऱ्या जागांपासून तीस सेंटिमीटरच्या आत पत्रा कुजलेला असेल तर तेथे धातूच वेल्ड करून बसवला पाहिजे, पुट्टी किंवा तत्सम लेप चालत नाही. माझ्या गाडीला सूट आहे. तरीही मी तिला दरवर्षी स्वेच्छेने तपासणीला नेतो, कारण मी स्वतः केलेले वेल्ड दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहिले जावेत असे मला वाटते.

आपल्या संबंधित खात्याने मूळच्या घडणीप्रमाणे, मूळच्या जाडीच्या धातूने केलेली दुरुस्ती ही मोठा फेरफार मानली जाणार नाही, असे एक स्पष्टीकरण दिले तर खूप काही साधेल. त्यासाठी फार मोठी यंत्रणा लागत नाही. दुरुस्तीच्या प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे, कापलेला भाग आणि बसवलेला भाग शेजारी ठेवून घेतलेली, गाडीच्या कागदपत्रांबरोबर मागावीत. मी माझ्या गाडीची अशी दोन वह्या भरून नोंद ठेवली आहे. गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियमच्या नोंदींतून गाडीच्या जन्माचा दाखला मिळतो. त्यावरून कळले की ती मुळात लाल नव्हतीच, ओल्ड इंग्लिश व्हाइट या दुधाळ रंगाची होती. डॅशबोर्डच्या मागे त्या रंगाचा तळहाताएवढा तुकडा शिल्लकही निघाला. तो मी झाकला नाही, आणि बाकी गाडी त्याच्याशी जुळवून रंगवली.

जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनांत आणि स्पर्धांत परीक्षक म्हणून बसणाऱ्या जाणकारांनाही माझी हीच विनंती आहे. रंगाची चमक पाहण्याआधी दार उघडून ते खाली बसते का पाहावे, वाकून उंबरठ्याखाली पाणी निघून जायची भोके मोकळी आहेत का पाहावे, आणि मालकाला काम चालू असतानाची छायाचित्रे मागावीत. ज्या डेंटरने ते काम केले त्याचे नाव गाडीशेजारच्या फलकावर असावे. मालकाचे नाव असते, गाडीच्या पहिल्या राजेसाहेबांचे असते, टायर कुठून मागवले तेही असते. पत्रा ज्याने घडवला त्याचे नसते. आपल्या लेखातही नव्हते. कोल्हापूर, पुणे, मुंबई, नाशिक येथे अजून असे कारागीर आहेत, जे पत्र्यावर नुसता तळवा फिरवून अर्ध्या मिलिमीटरचा चढउतार सांगतात. नव्या गाड्यांत तुकडा दुरुस्त न करता आख्खा बदलतात, त्यामुळे त्यांच्या हाताला काम कमी होत चालले आहे आणि मुले त्या कामात येत नाहीत. जुन्या गाड्यांची हौस वाढत असेल तर तिचा पैसा या हातांपर्यंत पोचला पाहिजे. पुट्टी-रंगाला जो अस्सल म्हणतो, तो नकळत त्यांचे काम काढून घेतो.

माझ्या गाडीच्या उंबरठ्यांत आता पातळ मेण भरलेले आहे. दर दोन वर्षांनी ते पुन्हा भरावे लागेल. दार एका बोटाने लागते.

या पत्रासोबत मी वेगळ्या टपालाने नऊ छायाचित्रे पाठवीत आहे. त्यांतली दोन रंगवल्यानंतरची आहेत. जागा थोडी असेल तर ती दोन वगळावीत आणि उंबरठा उघडा असतानाची छापावीत.

आपला नम्र,
एक वाचक
वॉरिक, इंग्लंड